रंगमंचाइतकाच वर्ग, वर्गाइतकीच वस्ती

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, वैद्यकीय आणि इतर महाविद्यालये आहेत, आणि मार्च २०२२ पासून पुणे मेट्रोचे स्थानकही आहे. सगळे एकमेकांपासून फार लांब नाही. नृत्य या कलेचा विचार करायचा तर यातली कोणती इमारत महत्त्वाची, असे विचारले तर कोणीही रंगमंदिराकडेच बोट दाखवील. नाच तिथे होतो, टाळ्या तिथे पडतात, हार-तुरे आणि सन्मानचिन्हे तिथेच दिली जातात. या लेखाचे म्हणणे असे की नृत्यरचनाकाराचे काम त्या रंगमंचावर जेवढे असते तेवढेच ते शिकवण्याच्या वर्गात असते, आणि तेवढेच, कधी कधी त्याहून जास्त, वस्तीत असते: ज्यांनी कधी घुंगरू बांधले नाहीत आणि बांधणारही नाहीत अशा माणसांसोबत. नृत्याची कारकीर्द मोजताना आपण यातले पहिले ठिकाण धरतो, दुसऱ्याचा कृतज्ञतेने उल्लेख करतो आणि तिसरे सोडूनच देतो. त्यामुळे कलावंतावर अन्याय होतो, आणि शहराचेही नुकसान होते.

पुणे परिसरातले सर्वांत भक्कम उदाहरण घ्यायचे तर ते रोहिणी भाटे यांचे. जन्म १९२४ चा, पाटण्याचा. शिक्षण पुण्यात, पदवी फर्ग्युसन महाविद्यालयाची. सुरुवातीला गुरू पार्वतीकुमार यांच्याकडे भरतनाट्यम, मग जयपूर घराण्याच्या सोहनलाल यांच्याकडे कथक, आणि त्यानंतर लखनौ घराण्याचे लच्छू महाराज आणि पं. मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे वर्षानुवर्षे तालीम. नाचणाऱ्याला गाणे कळले पाहिजे म्हणून केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे गाण्याचे शिक्षण. १९४७ मध्ये, वयाची पंचविशीही उलटली नव्हती तेव्हा, त्यांनी पुण्यात ‘नृत्यभारती’ ही संस्था सुरू केली. त्यानंतर २००८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत साठहून अधिक वर्षे त्या नाचल्या, त्यांनी नाच बसवले, शिकवले, लिहिले. १९७९ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. कालिदासाचे ‘ऋतुसंहार’ आणि ‘शाकुंतल’ त्यांनी कथकच्या भाषेत आणले, ऋग्वेदातल्या उषासूक्तावर रचना केली. त्यांच्या मोठेपणाबद्दल बोलताना या प्रयोगांचा उल्लेख आधी होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण आज, त्या गेल्यानंतर इतक्या वर्षांनी, त्यांचे काम नेमके कुठे आहे हे शोधायला निघालो तर उत्तर रंगमंचावर सापडत नाही.

चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते, लेखकाचे पुस्तक कपाटात राहते. नृत्याची रचना पडदा पडला की संपते. चित्रीकरण असले तरी त्यात पायाचा दाब, श्वास, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याआधीचा तो क्षणभराचा थांबा पुरता उतरत नाही. बोल वहीत लिहून ठेवता येतात, पण वहीतून नाच शिकता येत नाही. नृत्यरचना टिकते ती दुसऱ्याच्या शरीरात. म्हणून शिष्य हाच नृत्यरचनाकाराचा खरा संग्रह असतो. रोहिणीताईंची रचना आज बघायची तर ती शमा भाटे, शरदिनी गोळे, प्रेरणा देशपांडे यांच्या नाचात आणि त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांच्या पायांत बघावी लागते. यातल्या कित्येकींनी पुढे स्वतःच्या संस्था काढल्या, स्वतःची वाट शोधली. वर्ग ही पोटापाण्याची जोडधंद्यासारखी बाजू आहे आणि प्रयोग ही खरी कला, असे समजणाऱ्यांनी या एकाच गोष्टीचा विचार करावा. वर्ग नसता तर १९५० किंवा १९७० सालच्या त्या प्रयोगांतून आज कात्रणे आणि छायाचित्रे यांपलीकडे काय उरले असते?

या वर्गाचे आणखी एक काम होते, आणि ते दिसायला सोपे नाही. कथक वाढले ते लखनौ आणि जयपूरच्या दरबारांत, रास-कीर्तनाच्या परंपरेत, आणि नृत्य हाच पिढीजात व्यवसाय असलेल्या घराण्यांत. पुण्याला तसा दरबार नव्हता, तसे घराणे नव्हते. इथे ते रुजवायचे म्हणजे नुसते तुकडे आणि परण आणून चालणार नव्हते; इथल्या मुलींना, त्यांच्या आईवडिलांना, इथल्या संस्कृत आणि मराठी वाचणाऱ्या प्रेक्षकांना ते आपले वाटायला हवे होते. रोहिणीताईंनी नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पणा’चे कथकच्या अंगाने संपादन केले ते ‘कथक दर्पण दीपिका’ या नावाने. इझाडोरा डंकनचे आत्मचरित्र त्यांनी ‘मी इझाडोरा’ म्हणून मराठीत आणले. ज्या इझाडोराने १९०४ मध्ये बर्लिनजवळ मुलांसाठी नृत्यशाळा काढली आणि १९२१ मध्ये पुन्हा मॉस्कोत काढली, तिचे आत्मचरित्र मराठी वाचकापुढे ठेवावेसे एका नृत्यशिक्षिकेला वाटले यात नवल नाही. पुढे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याचा अभ्यासक्रम उभा राहिला तो घडवण्यातही त्यांचा हात होता. म्हणजे वर्ग हा चार भिंतींतला राहिला नाही. त्यातून ग्रंथ निघाले, अभ्यासक्रम निघाला, आणि एका शहराची बघण्याची नजर तयार झाली. पुणे-मुंबई पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये आज ज्या मुली गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमाच्या परीक्षांसाठी तत्कार, म्हणजे पायांचे मूळ बोल, करताना दिसतात, त्यामागे अशा काही माणसांनी घालवलेली आयुष्ये आहेत. पिंपरी-चिंचवडमध्येच बिरजू महाराजांचे शिष्य पं. नंदकिशोर कपोते यांनी वर्षानुवर्षे कथक शिकवले; पुरुषानेही घुंगरू बांधावेत हे कारखान्यांच्या गावाला पटवून देणे ही लहान गोष्ट नव्हती.

इथे एक कठीण आक्षेप येतो. अशा वर्गांनी नृत्याला ‘चांगल्या घरातल्या’ मुलींसाठी मोकळे केले खरे. पण त्यासाठी नाचणे हाच ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय होता त्या बायकांपासून त्याला दूर नेले. उत्तरेत तवायफ, दक्षिणेत देवदासी, गोव्यात कलावंतीण, महाराष्ट्रात लावणी-तमाशातल्या कोल्हाटी, डोंबारी, मांग, महार समाजांतल्या स्त्रिया. प्रतिष्ठा एका दाराने आत आली तेव्हा या बायका दुसऱ्या दाराने बाहेर राहिल्या. हा आक्षेप खरा आहे आणि तो या प्रदेशात फार जवळून लागू पडतो. संत तुकाराम नगराजवळच्या नाशिक फाट्यावरून निघालेला रस्ता भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावला जातो. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. याच मातीतल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले, आणि तरीही त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या. अदाकारी बसून कशी करावी, एकाच ओळीचे दहा अर्थ चेहऱ्यावर कसे आणावेत, याचे ज्ञान या बायकांकडे होते. कथकमध्ये ज्याला बैठकीचा भाव म्हणतात त्याच्याशी त्याचे सख्खे नाते आहे. त्यांच्यासाठी विद्यापीठाचा अभ्यासक्रम तयार झाला नाही, त्यांच्या नावाने परीक्षा निघाल्या नाहीत.

पण हा आक्षेप वर्गाचे महत्त्व कमी करत नाही, उलट ते सिद्ध करतो. ज्यांना वर्ग मिळाला, संस्था मिळाली, लिहिणारे मिळाले, त्यांची कला पुढे गेली आणि तिला मान मिळाला. ज्यांना फक्त रंगमंच मिळाला, तोही रात्री उशिराचा, ट्रकमधून गावोगाव हिंडणारा, त्यांची कला त्यांच्याच मुलींच्या गळ्यात आणि पायात कशीबशी राहिली. रंगमंच एकट्याने कलेला वाचवू शकत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही. म्हणून यापुढे नृत्याच्या वर्गात लावणीच्या जाणकार कलावंतिणी गुरू म्हणून, पूर्ण मानधनावर, आल्या पाहिजेत. कथकच्या विद्यार्थिनीने त्यांच्यापुढे बसून अदा शिकली तर तिचे नुकसान काहीच नाही आणि फायदा मात्र मोठा आहे.

आता तिसऱ्या ठिकाणाकडे. लोकांसोबतचे नृत्य म्हटले की पुष्कळांना ती परदेशातून आलेली नवी टूम वाटते. पिंपरीत राहणाऱ्याला तसे वाटण्याचे कारण नाही. दरवर्षी ज्येष्ठ महिन्यात देहूहून तुकोबांची पालखी निघते, आकुर्डीला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत पुण्यात जाते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेली ही पालखी परंपरा आहे. त्या दिंड्यांमध्ये पावली आहे, फुगडी आहे, टाळ घेऊन गोलात फिरणे आहे. पुढे बेलवडीला रिंगण आहे. पावली नीट बघितली तर तिच्यात रचना आहे हे लक्षात येते: किती पावले पुढे, कुठे वळायचे, मृदंगाने लय वाढवली की रांगेने ती एकदम कशी उचलायची. ही रचना कोणा एकाच्या नावावर नाही, आणि तिच्यात सत्तर वर्षांची आजी आणि सात वर्षांचे पोर दोघांनाही जागा आहे. ज्या संतांच्या नावाने ही वसाहत ओळखली जाते त्यांच्या वाटेवर माणसे तीन शतकांहून अधिक काळ एकत्र नाचत आली आहेत. वर्षातून एकदा जे रस्त्यावर घडते ते एरवी कुठे घडते, हा प्रश्न आहे.

नृत्यरचनाकारांनी या बाजूला हात घातल्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत आणि ती आपण फार लवकर विसरलो. चाळीसच्या दशकात मुंबईत अंधेरीला ‘इप्टा’ या लोकनाट्य संघटनेचे मध्यवर्ती पथक राहत होते, शांती बर्धन यांनी तिथे समूहाचे नृत्यनाट्य बसवले, संगीत रविशंकरांचे. पुढे १९५२ मध्ये बर्धन यांनी मुंबईत लिटल बॅले ट्रूप सुरू केला आणि माणसांना कळसूत्री बाहुल्यांसारखे हलवत रामायण उभे केले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने ‘महाराष्ट्र दर्शन’, ‘भारत दर्शन’ यांसारख्या कार्यक्रमांतून कोळीनृत्य, आदिवासी नृत्य, लेझीम असे प्रकार कार्यकर्त्या मुलामुलींकडून करवून घेतले. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारखी माणसे त्यामागे होती. नाचणारे शिक्षक, विद्यार्थी, नोकरदार. तालीम संध्याकाळची, प्रयोग गावोगावी. एका पिढीच्या मनात ‘आपणही नाचू शकतो’ ही गोष्ट या कलापथकांनी रुजवली, आणि त्यासाठी कोणाला विशारद व्हावे लागले नाही.

जगातले एक उदाहरण पिंपरीला विशेष जवळचे आहे. जर्मनीतले वुपर्टाल हे कापड आणि रसायनांच्या कारखान्यांचे शहर. बायर कंपनी तिथली. ॲस्पिरिन १८९७ मध्ये तिथल्याच प्रयोगशाळेत तयार झाली. पिंपरी औद्योगिक गाव झाले त्याची सुरुवातही औषधाच्या कारखान्याने झाली: हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४. अशा वुपर्टालमध्ये १९७३ साली पिना बाउश नृत्यदिग्दर्शक म्हणून आल्या. सुरुवातीला प्रेक्षक उठून जात. पुढे त्यांच्या कामाने नृत्याची जगभराची समजूत बदलली. १९७८ मध्ये त्यांनी ‘कोन्टाक्टहोफ’ नावाची रचना केली: नाचाच्या सभागृहात भेटणारी माणसे, त्यांचे एकमेकांना आजमावणे, जवळ येणे, दुखावणे. ही रचना व्यावसायिक नर्तकांनी जगभर केली. मग २००० साली बाउश यांनी तीच रचना वुपर्टालमधल्या पासष्टीच्या पुढच्या सामान्य स्त्री-पुरुषांकडून करवून घेतली, आणि २००८ मध्ये तिथल्याच शाळकरी वयाच्या मुलांकडून. कलाकृती सोपी केली नाही, तिचा दर्जा उतरवला नाही. पासष्टीच्या बाईने हात पुढे केला की त्या हातामागे चाळीस वर्षांचे आयुष्य दिसते. तरुण नर्तिकेला ते आणता येत नाही. जगातल्या अव्वल नृत्यरचनाकाराला आपल्या सर्वोत्तम रचनेसाठी शहरातली निवृत्त माणसे योग्य वाटली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कारण ‘सगळ्यांना नाचवले की दर्जा घसरतो’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि तो शास्त्रीय नृत्यातले जाणकार मनापासून घेतात. त्यांची काळजी समजण्यासारखी आहे. दहा-पंधरा वर्षे तत्कार केल्याशिवाय पाय बोलत नाहीत, आणि चार महिन्यांत ‘परफॉर्मन्स’ देणाऱ्या क्लासनी या कलेचे नुकसानच केले आहे. पण दोन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होते. वस्तीतल्या नृत्याने कोणाला कथक नर्तक करायचे नसते. तिथे अर्धवट शिकवलेले परण रेटून नेले तर ते वाईटच. तिथे करायचे ते त्या माणसांच्या शरीरातून निघणारे, त्यांना जमणारे आणि तरीही नीट रचलेले काम. ते बसवायला कसबी रचनाकारच लागतो. किंबहुना तयार नर्तकांवर नाच बसवण्यापेक्षा ते अवघड आहे, कारण इथे रचनेतला कच्चेपणा कौशल्यामागे लपत नाही. आणि शास्त्रीय परंपरेतच यासाठी लागणारी हत्यारे आहेत. तीनताल सोळा मात्रांचा. पहिली, पाचवी आणि तेरावी मात्रा टाळीची, नववी खालीची. खुर्चीत बसून हाताने हे धरता येते, तोंडाने बोल म्हणता येतात. कथकमध्ये याला पढंत म्हणतात आणि प्रत्येक विद्यार्थ्याला ती करावी लागते. गुडघे दुखणारी बाईसुद्धा पढंत करू शकते, समेवर येऊ शकते. आणि ज्याने एकदा स्वतः सम गाठली आहे तो पुढच्या वेळी रंगमंदिरात बसला की त्याला तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणारा बोल, कुठे पडणार हे आधीच जाणवू लागते. शास्त्रीय नृत्याला प्रेक्षक नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी प्रेक्षक असे घडतात हे विचारात घ्यावे.

पुण्यातच हे होऊ शकते याचा पुरावा आहे. मनीषा साठे यांच्याकडे कथक शिकलेले आणि जर्मनीत ड्रेस्डेनच्या पालुका संस्थेत आधुनिक नृत्याचे शिक्षण घेतलेले नृत्यदिग्दर्शक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स झालेल्या माणसांसाठी पुण्यात नृत्याचे वर्ग घेतले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये अशा वर्गांना सुरुवात केली होती. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पार्किन्सन्समध्ये मेंदूत डोपामिन कमी पडते. सवयीने, न ठरवता होणाऱ्या हालचालींना आतून वेळ देणारी यंत्रणा ढिली होते. मग पाऊल लहान पडते, दारात आल्यावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात. पण बाहेरून ठेका मिळाला, जमिनीवर रेघ दिसली, समोरच्याचा हात दिसला, की मेंदू दुसऱ्या वाटेने तीच हालचाल घडवतो आणि पाऊल लांब पडते. नृत्याच्या वर्गात ठेका, रेघ आणि समोरचा माणूस हे तिन्ही असतात. यामुळे आजार बरा होत नाही, औषध थांबवता येत नाही; तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण आजाराने एकटे पडलेले माणूस आठवड्यातून काही तास रुग्ण न राहता नर्तक होते. २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये न्यूयॉर्कमधल्या पंचाहत्तरीपुढच्या ४६९ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाहिलेल्या शारीरिक गोष्टींपैकी फक्त नृत्याचाच संबंध स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी दिसला. संबंध म्हणजे कारण नव्हे; जे आधीच धडधाकट होते तेच नाचत असतील, हीही शक्यता आहे. तरीसुद्धा नाचात लक्षात ठेवणे, ऐकणे, तोल सांभाळणे आणि दुसऱ्याशी जुळवून घेणे हे एकाच वेळी करावे लागते, हे कोणीही नाचून बघितले तर पटते.

मग हे उपचार झाले, कला कुठे राहिली, असे विचारणारेही आहेत. उपचार हा हेतू ठेवून आखलेले नृत्योपचार वेगळे असतात. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते आणि त्यांचे मोजमापही वेगळे. नृत्यदिग्दर्शक वर्ग घेतो तेव्हा तो रचनेचाच विचार करत असतो: ही ओळ सुंदर दिसते का, हा विराम पुरेसा आहे का. तब्येतीला होणारा लाभ हा त्याच्या वाटेत भेटतो. भजनाने श्वास सुधारतो म्हणून भजनाला कोणी श्वसनोपचार म्हणत नाही.

कारखान्यांच्या पट्ट्यात यासाठी वेळ कुणाला आहे, हा आक्षेप सर्वांत खरा आहे. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तीन पाळ्यांत काम चालते. पहिल्या पाळीचा माणूस दुपारी मोकळा होतो, तिसऱ्या पाळीचा सकाळी झोपायला येतो. पाळी दर आठवड्याला बदलते. संध्याकाळी सहा ते सातचा क्लास अशा माणसासाठी नसतोच. म्हणून नृत्याचे वर्ग मुले आणि काही गृहिणी यांच्यापुरते राहिले, आणि कामगार पुरुषाच्या वाट्याला गणपतीच्या मिरवणुकीतला आणि लग्नाच्या वरातीतला नाच तेवढा उरला. त्या नाचाला नावे ठेवू नयेत. अंगाला नाचायची भूक आहे हे तो दाखवतो. ढोल-ताशा पथकांत आज हजारो तरुण-तरुणी महिनाभर तालमीला जातात, दिवसभराची नोकरी करून जातात. म्हणजे वेळ काढला जातो, जिथे आपले म्हणून स्वागत होते तिथे. नृत्याने ते स्वागत केलेले नाही. शिवाय १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सतरा लाखांवर होती. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण, बिहार, उत्तर प्रदेश इथून आलेली माणसे इथे एकाच मजल्यावर राहतात. प्रत्येकाच्या गावचा नाच वेगळा, आणि तो गावीच राहिला आहे. कोकणातल्या नमनाचा खेळ्या आणि मराठवाड्यातला गोंधळी इथे एकाच कंपनीत ओव्हरटाइम करत असतील. त्यांची पावले एकमेकांना माहीत नाहीत. त्यांना एकत्र आणून काही नवे बसवणे हे कोणत्याही नृत्यरचनाकाराने आयुष्य द्यावे असे काम आहे.

पैशाचा प्रश्न उरतो, आणि पाणी, कचरा, रस्ते यांपुढे नाचाला पैसा का द्यावा असे करदात्याने विचारणे योग्यच आहे. पण इथे फार पैसा लागत नाही, कारण जागा आधीच बांधलेल्या आहेत. या शहराने संत तुकाराम नगरात आचार्य अत्रे रंगमंदिर बांधले, चिंचवडला प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह बांधले, भोसरीला अंकुशराव लांडगे नाट्यगृह बांधले, पिंपळे गुरवला निळू फुले रंगमंदिर बांधले. ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रे आहेत. नाट्यगृहांत आठवड्याच्या मधल्या दिवसांच्या सकाळी प्रयोग क्वचितच असतात. खर्च करायचा तो शिक्षकाच्या मानधनावर, आणि तो सन्मानाने करायचा. कलावंताने समाजासाठी म्हणून फुकट यावे ही अपेक्षा सोडली पाहिजे. रोहिणी भाटे यांच्या परंपरेतून आणि इतर गुरूंकडून विशारद, अलंकार, एम. ए. झालेल्या मुली या शहरात आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकींपुढे लहान मुलांचा क्लास किंवा लग्नातल्या ‘संगीत’चे नाच बसवणे याखेरीज पोटापुरता मार्ग नाही. वस्तीतले काम हा त्यांच्यासाठी तिसरा मार्ग होऊ शकतो, आणि विद्यापीठांनी तो शिकवायला हवा: पासष्टीच्या माणसासोबत कसे काम करावे, पाळीवरून आलेल्या थकलेल्या शरीराकडून काय मागावे आणि काय मागू नये.

महापालिकेने सुरुवात एका ठिकाणापासून करावी. अत्रे रंगमंदिराची एक सकाळ आणि पाळ्यांना धरून एक दुपार दर आठवड्याला नृत्यासाठी राखून ठेवावी. यशवंतराव चव्हाण रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ज्यांना चालण्या-बोलण्याचा व्यायाम सांगितला आहे अशांना तिकडे पाठवावे. एक कथकची, एक लावणीची आणि एक दिंडीतल्या पावलीची जाणकार व्यक्ती शिक्षक म्हणून नेमावी आणि त्यांना किमान तीन वर्षे सलग काम करू द्यावे. वर्षाअखेरीस त्यांनी जे बसवले असेल ते त्याच रंगमंदिरात, तिकीट लावून, व्यावसायिक प्रयोगाच्याच शिस्तीने करावे. आणि ज्या नृत्यशिक्षकांना हे पटते त्यांनी महापालिकेच्या ठरावाची वाट बघू नये. आपल्या सोसायटीतल्या सभागृहात आठवड्यातून एक तास, वयाची आणि परीक्षेची अट न घालता, दार उघडे ठेवून बघावे.